कळतं सगळं, पण किती वाजता?

मगाशी आत येतानाच एका काकूंनी मला गाठलं, म्हणाल्या डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट तोंडासमोर धरला तरी आमचा माणूस संध्याकाळी दारूची क्वार्टर घेऊन आला, याला भीती म्हणून काही आहे की नाही? तर आज तिथूनच सुरू करतो.

भीती असते हो. माहितीही असते, लिव्हरबद्दल तर तो तुम्हालाच चार गोष्टी सांगेल. गडबड वेगळीकडे आहे, आज आणि उद्या तोलण्यात.

1994 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात बेकारा, दमासिओ वगैरे मेंदूवर संशोधन करणाऱ्या मंडळींनी पत्त्यांचा एक खेळ काढला. 4 गठ्ठे, हातात 2000 डॉलर, खोटे अर्थात. दोन गठ्ठ्यांत प्रत्येक पानाला 100 मिळतात पण मधेच जबरी दंड बसतो, 10 पानांमागे 250 चं नुकसान. उरलेल्या दोनांत पानाला 50च, पण दंड कमी, म्हणून 10 पानांमागे 250 फायदा. कुठला गठ्ठा कसा, हे आधी कुणालाच सांगत नाहीत. बहुतेक लोक ठेच खाऊन हळूहळू 50 वाल्याकडे सरकतात, पण कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागाला इजा झालेले पेशंट 100 वालाच ओढत राहिले. पुढे व्यसनी माणसांना हाच खेळ दिला तर त्यांच्यातलेही बरेच तसंच खेळले. सगळे नाही हां, आणि कसलंही व्यसन नसलेलेही काही तसेच निघाले, त्यामुळे घरी जाऊन कुणाच्या मेंदूचं निदान करू नका!

आता मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आज थोडे पैसे घेता की नंतर जास्त, असं विचारलं तर अफूच्या जातीच्या नशेत, म्हणजे हेरॉइन वगैरे, अडकलेले लोक थांबायला फार कमी तयार असतात, उद्याची किंमत त्यांच्या हिशोबात भराभर घसरते. आणि त्यांच्या उपचारातल्या औषधाचा डोस लांबवून तलफ थोडी चढू दिली की त्याच माणसांच्या हिशोबात उद्याची किंमत आणखी घसरते, मग उद्या मिळणार ते हेरॉइन असो की पैसे. माणूस तोच, फक्त वेळ वेगळी! म्हणून सकाळी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते, पण हात थरथरायला लागले की ती पाळायची वेळ दुसऱ्याच माणसावर येते. आणि आपण नेमकं तेव्हाच रिपोर्ट दाखवतो, भांडतो, ज्याला उद्या दिसतच नाहीये त्याला दहा वर्षांनंतरचं मरण दाखवतो. (बाय द वे, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टर लागतोच.)

मग करायचं काय? फायदा आजच्या आज हातात द्यायचा. नॅन्सी पेट्री या अमेरिकन संशोधक बाईंनी दारूच्या पेशंटसाठी चक्क चिठ्ठ्यांचं भांडं ठेवलं, श्वासाची टेस्ट क्लीन आली की चिठ्ठी उचल. बक्षिसं बहुतेक चिल्लर, 100 डॉलरची चिठ्ठी एकच. 2000 साली छापलेल्या त्या अभ्यासात 8 आठवडे उपचारात टिकले 84 टक्के, नुसते नेहमीचे उपचार घेणारे 22 टक्के. बक्षीस थांबलं की असर ओसरतो, ही अडचण आहेच. आणि हो, कुणीतरी विचारणारच, ही लॉटरी नाही का झाली? झालीच की, लागली तर लागली म्हणणाऱ्या माणसाला त्याच्याच सवयीने उपचारात टिकवलं.