मरंबेटमनची शिराझ : थंड हवेतील लाल वाईनचा आस्वाद

(दृश्य : मार्च महिन्यातील पहाट. उतारावरचा द्राक्षमळा, वेलींवर दव.)

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथून उत्तरेकडे मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मरंबेटमन नावाचे छोटे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरील या भागात मार्च म्हणजे शरद ऋतू. दिवसा लख्ख ऊन पडते, परंतु सूर्य मावळला की हवा झपाट्याने निवते आणि पहाटे मळ्यात फिरायचे तर अंगात लोकरीचे कपडे लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसासारख्या उष्ण खोऱ्यांमध्ये शिराझ या काळ्या वाईन-द्राक्षाची तोडणी आटोपत आलेली असते, तेव्हाही येथील घड वेलीवरच असतात आणि काही वर्षी एप्रिल उजाडला तरी ते उतरवले जात नाहीत. या लांबलेल्या, थंडावत जाणाऱ्या आठवड्यांतच येथील वाईनची चव घडते.

शिराझ म्हटले की गडद, दाट, मुरंब्यासारख्या गोडसर गंधाची आणि 15 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली वाईन अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्या वाईनचेही चाहते आहेत आणि त्यांची आवड रास्तच आहे. परंतु याच द्राक्षाचे दुसरे रूप हलक्या बांध्याचे, सुगंधी आणि रेखीव असते. ते पहिल्या घोटात सर्व काही सांगून टाकत नाही, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद थोडा सवडीने घ्यावा लागतो.

(दृश्य : नकाशा. ऱ्होन नदीचे खोरे, आग्नेय फ्रान्स.)

या द्राक्षाला थंडी परकी नाही. 1998 साली जाहीर झालेल्या डीएनए तपासणीतून असे सिद्ध झाले की शिराझ, म्हणजेच फ्रान्समधील सिराह, हे दुरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधील दोन फारशा प्रसिद्ध नसलेल्या वाणांचे अपत्य आहे. ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील कोत-रोतीच्या उभ्या डोंगरउतारांवर ते पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहे. ऑस्ट्रेलियातील द्राक्षशेतीचे आद्य प्रवर्तक जेम्स बस्बी यांनी 1832 साली युरोपातून आणलेल्या द्राक्षवेलींच्या काड्यांमध्ये हा वाण होता. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात तो असा काही फोफावला की त्याचे मूळचे सौम्य रूप अनेक दशके मागे पडले.

ते रूप पुन्हा पुढे आणण्यात मरंबेटमनच्या एका कुटुंबाचा मोठा वाटा आहे. जॉन कर्क हे कॅनबेरा येथील संशोधन संस्थेत काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1971 साली येथे जमीन घेऊन वेली लावल्या आणि या मळ्याला क्लोनाकिला हे नाव दिले. त्यांचे पुत्र टिम कर्क 1991 साली कोत-रोतीला गेले. गिगाल या तेथील वाईन उत्पादकांच्या तळघरात त्यांनी पिंपातून काढलेली सिराह चाखली आणि ती त्यांच्या मनात कायमची रुतली. कोत-रोतीमध्ये सिराहच्या काळ्या द्राक्षांबरोबर व्हिओनिए या पांढऱ्या, अतिशय सुवासिक द्राक्षाचा थोडा भाग एकत्र आंबवण्याची प्रथा आहे. तेथील नियम 20 टक्क्यांपर्यंत मुभा देतात, प्रत्यक्षात बहुतेक जण त्याहून बरेच कमी वापरतात. क्लोनाकिलाच्या मळ्यात व्हिओनिएच्या वेली आधीच लावलेल्या होत्या. टिम परतले आणि 1992 च्या हंगामापासून त्यांची शिराझ-व्हिओनिए तयार होऊ लागली. दाट आणि दणकट वाईनचाच गौरव होण्याच्या त्या काळात इतकी संयत शिराझ बाजारात आणणे हे धाडस होते.

(दृश्य : घडांचे जवळून चित्रण. मण्यांवर पडलेली पानांची सावली.)

थंडीमुळे नेमके काय घडते, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही. नाशिकही जवळजवळ तितक्याच, म्हणजे सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि तेथेही शिराझ पिकते. फरक आहे तो ऋतूच्या दिशेचा. नाशिकला पावसाळा सरताना फळछाटणी होते, हिवाळ्यात मणी फुगतात, मण्यात पाणी उतरते, म्हणजे ते मऊ होऊन रंग धरू लागतात, आणि त्यानंतर साखर भरत असताना ऊन दिवसेंदिवस चढत जाते. मरंबेटमनला मण्यात पाणी उतरते ते भर उन्हाळ्यात आणि त्यानंतरचा प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा थंड असतो. उष्ण रात्री मण्याला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडते; थंड रात्री ते टिकून राहते. साखर सावकाश चढते, त्यामुळे अल्कोहोल बहुधा 13 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान राहते, आणि सालीतील रंग, तुरटपणा व सुगंध यांना पक्व होण्यास पुरेसा अवधी मिळतो.

या सुगंधांपैकी एकाची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. थंड प्रदेशातील शिराझमध्ये काळ्या मिरीचा स्पष्ट वास येतो, हे जाणकारांना कधीपासून ठाऊक होते. परंतु तो कशामुळे येतो, हे उमगत नव्हते. ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2008 साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचे संयुग असते, आणि मिरीच्या दाण्याला त्याचा वास देणारे संयुगही हेच आहे. ते इतके प्रभावी आहे की लाल वाईनच्या एका लिटरमध्ये अवघे 16 नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला जाणवू शकते. ऑलिंपिक स्पर्धेच्या जलतरण तलावात 25 लाख लिटर पाणी मावते असे धरले, तर तेवढ्या वाईनला मिरीचा वास देण्यासाठी 40 मिलिग्रॅम रोटंडोन पुरेल. पुढील अभ्यासांत असेही दिसले की घडाचे तापमान 25 अंश सेल्सिअसच्या वर जितका अधिक काळ राहते, तितके हे संयुग कमी होते. सावलीतील आणि मळ्याच्या थंड कोपऱ्यातील घडांमध्ये ते अधिक आढळते. पेल्यातली मिरी म्हणजे त्या मळ्यातल्या हवेची थेट नोंद असते.

2008 च्या त्याच संशोधनात असे आढळले की सुमारे एक पंचमांश लोकांना रोटंडोनचा वासच येत नाही. म्हणून सोबतच्या व्यक्तीला मिरी जाणवली नाही, तर तिची रसिकता कमी मानू नये. एकाच टेबलावर दोघे जण एकाच बाटलीतून खरोखरच दोन वेगळ्या वाईन पीत असू शकतात.

(दृश्य : आंबवण्याच्या उघड्या टाक्या. द्राक्षांचा लगदा खाली दाबणारा कामगार.)

वाईनरीत आल्यानंतर या द्राक्षांना हळुवारपणे हाताळावे लागते. काही घड देठांसह अखंडच टाकीत घालतात. त्यातून मसाल्याचा, किंचित वनस्पतीसारखा गंध येतो आणि वाईनच्या बांध्याला ताठपणा लाभतो. व्हिओनिएच्या साली शिराझबरोबर आंबतात, तेव्हा त्यांतील रंगहीन घटक लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात आणि पांढरे द्राक्ष मिसळूनही रंग फिकट होण्याऐवजी अधिक स्थिर होतो. फ्रेंच ओकच्या पिंपांपैकी मोजकीच नवी वापरली, तर लाकडाचा वास द्राक्षावर कुरघोडी करत नाही. माझ्या मते या शैलीची खरी परीक्षा येथेच होते, कारण नाजूक वाईनवर ओकचे ओझे लादले की ती दोन्ही बाजूंनी फसते.

(दृश्य : स्वच्छ पेला, त्यात ओतली जाणारी वाईन.)

आता पेल्याकडे वळू. निमुळत्या तोंडाचा, पोटाशी रुंद असा पेला घ्यावा आणि तो एक तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील जुन्या, थंड घरांमधून आला आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात तो पाळला, तर अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते आणि सुगंध हरवतो. ही वाईन 15 ते 16 अंशांवर उत्तम लागते, म्हणून आपल्याकडे बाटली फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून मगच उघडावी.

प्रथम रंग पाहावा. पेला पांढऱ्या कागदावर कलता धरला, तर मध्यभागी डाळिंबी-जांभळी छटा आणि कडेला प्रकाश आरपार जाऊ देणारी झळाळी दिसते. त्यानंतर पेला न हलवता वास घ्यावा, कारण सर्वांत हलके, फुलांचे गंध याच वेळी वर येतात. व्हायोलेटची फुले, रासबेरी, आणि व्हिओनिए असेल तर जर्दाळूची पुसटशी चाहूल. मग पेला सावकाश फिरवावा. आता मिरी येते, लाल आलुबुखार येतो, कधी काळ्या ऑलिव्हचा आणि खारवलेल्या मांसाचा खमंगपणा येतो.

घोट घेतल्यावर तिचे वजन जोखण्याऐवजी हालचालीकडे लक्ष द्यावे. जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवतो आणि तोंडाला पाणी सुटते. तुरटपणा असतो, पण तो हिरड्यांना खरवडत नाही, अगदी बारीक रेशमी कणांसारखा पसरतो. चांगल्या वाईनमध्ये फळ, आम्ल आणि तुरटपणा यांपैकी एकही घटक दुसऱ्याच्या पुढे धावत नाही. घोट गिळल्यानंतर गप्प राहावे. मिरीचा आणि फुलांचा दरवळ कितीतरी वेळ मागे राहतो, आणि त्याची लांबी हीच मला या वाईनच्या प्रतीची सर्वांत भरवशाची खूण वाटते.

थंड हवा असली की वाईन आपोआप सुंदर होते, असे मात्र नाही. ओल्या, ढगाळ वर्षी मणी पुरते पिकत नाहीत. मग वास हिरवट येतो, आंबटपणा टोचतो आणि तुरटपणा कोरडा पडतो. बाटलीवरचे वर्ष म्हणूनच काळजीपूर्वक वाचावे. 2020 च्या सुरुवातीला आग्नेय ऑस्ट्रेलियात भडकलेल्या वणव्यांचा धूर कॅनबेराच्या मळ्यांवर साचला आणि क्लोनाकिलाने त्या वर्षी आपल्या मळ्यातील द्राक्षांची वाईन केली नाही. धुराची चव असलेली बाटली विकण्यापेक्षा संपूर्ण हंगाम सोडून देण्याचा हा निर्णय मला अत्यंत आदरणीय वाटतो.

जेवणाबरोबर ही वाईन घेताना लाल तिखटापासून दूर राहावे, कारण मिरचीचा जाळ तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तीव्र करतो. सावजी किंवा झणझणीत तांबडा रस्सा तिला पार झाकून टाकेल. कोल्हापुरी पांढरा रस्सा मात्र, विशेषतः मिरचीचा हात आखडता ठेवून केलेला, तिला साजेसा आहे. भाजलेले मटण, बदक आणि लोण्यात परतलेले मशरूम यांबरोबरही ती खुलते.

चांगल्या वर्षाची बाटली अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवली, तर ती दहा वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ टिकते. फुले हळूहळू मागे सरतात, चामडे आणि ओल्या पाचोळ्याचा गंध पुढे येतो, रंगाच्या कडेला विटकरी छटा चढते. मिरी मात्र बहुधा तग धरून राहते. शक्य असेल तर एकाच मळ्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक आता उघडावी आणि दुसरीवर आजची तारीख लिहून ती ठेवून द्यावी.