पदराचा फोटो

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, पुणे. संध्याकाळ. काचेमागे पैठणी नेसवलेला पुतळा.)

फुटपाथवर उभं राहून या मोरपंखी पैठणीचा फोटो काढला, तर कोणी काही म्हणत नाही. लोकांनी बघावी म्हणूनच ती काचेत लावलीय. आता दोन पायऱ्या चढून आत या. गल्ल्यामागे लाल ऑइलपेंटची पाटी : ‘फोटो काढू नयेत.’ ग्राहकाचा मोबाईल वर आला, की सेल्समन आधी उलगडलेला पदर मिटतो आणि मग म्हणतो, ‘ताई, फोटो नको.’

धास्ती साधी आहे. आज पदर व्हॉट्सॲपवर गेला, की उद्या तीच नक्षी छापील साडीवर, निम्म्याहून कमी भावात.

(दृश्य : पाटी, जवळून.)

दुकानात फोटो काढूच नये, असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण जागा खासगी. आपण आत येतो ते मालकाच्या परवानगीने, आणि परवानगीला अट घालता येते. अट मोडली, तर तो बाहेर जायला सांगू शकतो. त्यावरही त्याला डिवचायला ठाण मांडलंत, तर भारतीय न्याय संहितेचं गुन्हेगारी अतिक्रमणाचं कलम ३२९ लागू शकतं : कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण मोबाईल हिसकावायचा, ‘फोटो पुसल्याशिवाय सोडणार नाही’ म्हणत दार अडवायचं, हा हक्क मालकाला कुठल्याच पाटीने मिळत नाही. असं अडवून ठेवणं हाच गुन्हा. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा स्वामित्वहक्क एरवी काढणाऱ्याचाच. साडीवरच्या नक्षीचा हक्क वेगळा. फोटोबरोबर तो मिळत नाही.

(दृश्य : ट्रायल रूमचं बंद दार.)

इथे मालकाचा होकारसुद्धा कामाचा नाही. कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण केलं, तर न्याय संहितेचंच कलम ७७. पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद.

(दृश्य : किराणा दुकान. बिस्किटाचा पुडा.)

आणि छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त मागितले तर? खरं तर इथेच फोटो सगळ्यात उपयोगी, आणि इथेच दुकानदार सगळ्यात जास्त चिडतो. आत हुज्जत कशाला? पुडा विकत घ्या, पावती मागून घ्या, फुटपाथवर या. पुडा आणि पावती शेजारी ठेवून निवांत फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे १९१५.