फांद्या फुटलेला साबण

[दृश्य: रबाळे एमआयडीसी, सकाळची पाळी]

शाम्पू असो, रंग असो की कीटकनाशक, ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे बनवणाऱ्यांचं एक दुखणं सारखंच: तेल आणि पाणी एकत्र नांदवायचं कसं?

नेहमीचा उपाय सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे साबणासारखं काम करणारं रसायन. डोकं पाण्याकडे, शेपूट तेलाकडे. लिटरभर पाण्यात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास पडलं की त्याचे रेणू जमून मायसेल बांधतात, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा गोळा. पाणी वाढवलं की मायसेल मोडलं. तेलाच्या थेंबावरही प्रत्येक रेणू एकाच शेपटीवर तगून असतो. आला तसा सुटतो.

अशा पुष्कळ शेपट्या एकाच रेणूला असल्या तर? एक सुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. असा पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू जोडून बनलेली लांब साखळी, थेंबाला घोरपडीसारखा चिकटतो.

[दृश्य: फ्लास्क जवळून. आत फिरणारा मॅग्नेट]

हा पॉलिमर इथे बनतो: इथेनॉल, 70 अंश तापमान, वर नायट्रोजन. आत पाण्याची ओढ असलेलं पीईजी मेथाक्रिलेट, थोडं मेथाक्रिलिक आम्ल आणि दोन दुहेरी बंधांचा ब्रँचर. ब्रँचर दोन साखळ्या जोडतो, तिथे फांदी फुटते. खरी गोम इथेच. फांद्या आवरल्या नाहीत तर सगळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात, बॅच जेल होते, मॅग्नेट अडकतो. मग बसा फ्लास्क खरवडत!

म्हणून डोडेकेनथायोल, गंधक असलेला एक थायोल. वास असा, की फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडली तर शेजारचा गाळाही विचारायला येईल. पण काम चोख: वाढती साखळी थांबवतो आणि टोकाला स्वतःची बारा कार्बनची तेलकट शेपटी ठेवून जातो. लगामही तोच, शेपटीही तीच. रेणूंच्या हिशेबात तो ब्रँचरपेक्षा कमी पडू द्यायचा नाही, एवढं पथ्य. थायोलने जेल टाळायची ही वाट 2000 साली स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात डेव्हिड शेरिंग्टन यांच्या गटाने दाखवली.

[दृश्य: दुधाळ इमल्शनमध्ये, म्हणजे तेलाचे थेंब पसरलेल्या पाण्यात, आम्ल पडतं]

आता मेथाक्रिलिक आम्लाचं काम. पीएच उतरला की शेजारच्या थेंबांवरचे पॉलिमर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि पातळ इमल्शन घट्ट होतं. अल्कली घाला, पुन्हा वाहू लागतं.

[दृश्य: ठाणे खाडी, ओहोटी]

इथल्या कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रियेनंतर या खाडीत येतं. त्यामुळे हा पॉलिमर तिथे मोडतो का, हा प्रश्न उरतोच. ब्रँचरमधले एस्टर बंध तुटले तर फांद्या सुट्या होतील. पण साखळीचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा, आणि तो जिवाणूंना सहजी पचत नाही.