ज्याचं नाव कुणी घेतलं नाही

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे फ्रेड व्हॅनव्लीट या बास्केटबॉलपटूबद्दल. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या तीस संघांपैकी एकाही संघानं त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं नव्हतं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमानं एकेक नाव घेतात. दोन फेऱ्या, साठच्या आसपास नावं. ज्या संघानं नाव घेतलं, एनबीएत खेळायचं तर त्याच संघाशी बोलणी करायची. खेळाडूच्या आवडीनिवडीला तिथे जागा नाही.

23 जून 2016 ची रात्र. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी व्हॅनव्लीटचे आप्तेष्ट जमले होते. पोरगा त्याच गावचा. तो पाच वर्षांचा असताना वडिलांचा गोळीबारात मृत्यू झाला. पुढे आईचं लग्न एका पोलीस अधिकाऱ्याशी झालं आणि या सावत्र वडिलांनी मुलांना पहाटे उठवून सरावाला जुंपलं. विचिटा स्टेट विद्यापीठाकडून तो चार वर्षं खेळला. पहिल्याच वर्षी, 2013 मध्ये, संघ विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढच्या हंगामात ओळीनं 35 सामने जिंकला. मग अडलं कुठे? उंची जेमतेम सहा फूट, आणि वय बावीस. संघांना एकोणीस वर्षांची उंच मुलं हवी असतात, कारण ती अजून घडवता येतील असा हिशेब असतो. चार वर्षं जिंकून दाखवलेला मुलगा त्या हिशेबात मागे पडतो. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही.

पण त्या रात्रीची एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्या फेरीत त्याला विचारणा झाली होती. अट अशी, की नाव घेतो, पण आधी दोन वर्षं तुटपुंज्या पगारावर डी-लीग या दुय्यम लीगमध्ये खेळायचं. व्हॅनव्लीटनं नकार दिला. ‘ड्राफ्ट झालेला’ हा शिक्का हाताशी असताना त्यानं तो सोडला, कारण निवड झाली नाही तर संघ आपला आपण शोधता येतो. बावीस वर्षांच्या मुलानं घरच्यांसमोर असा निर्णय घेणं, याला छाती लागते.

त्यानं टोरंटो रॅप्टर्स हा कॅनडातला एनबीए संघ निवडला. आधी उन्हाळी लीग, मग सराव शिबिर. चमूत एकच जागा शिल्लक होती, तिच्यासाठी बरेच जण झुंजत होते, आणि ती त्यानं मिळवली. पहिला हंगाम मात्र बहुतेक बाकावरच गेला: 37 सामने, सरासरी तीन गुणही नाहीत. मधल्या काळात तो टोरंटोजवळच्या मिसिसागाच्या रॅप्टर्स 905 या डी-लीगमधल्या संलग्न संघाकडून खेळत राहिला. म्हणजे जिथे जायला नकार दिला, त्याच लीगमध्ये तो खेळला, पण एनबीएचा करार खिशात ठेवून. 2017 मध्ये 905 नं ती लीग जिंकली.

13 जून 2019. ओकलंडमध्ये एनबीएच्या सात सामन्यांपर्यंत चालणाऱ्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, समोर गोल्डन स्टेट संघ. व्हॅनव्लीटनं 22 गुण केले, त्यांतले 12 चौथ्या सत्रात. त्या मालिकेत गोल्डन स्टेटचा हुकमी खेळाडू स्टीफन करी याच्या मागे सावलीसारखा लागण्याचं कामही त्याच्याकडेच होतं. टोरंटोनं सामना 114-110 असा जिंकला आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढे 2 फेब्रुवारी 2021 रोजी ऑर्लँडोविरुद्ध त्यानं 54 गुण केले, त्यांत अकरा तीन-गुणी फेकी. ड्राफ्ट न झालेल्या खेळाडूनं एका सामन्यात इतके गुण तोवर केले नव्हते. 2022 मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला, आणि 2023 मध्ये ह्यूस्टनच्या संघानं त्याच्याशी तीन वर्षांचा, साडेबारा कोटी डॉलरहून मोठा करार केला.

त्याची वाट पुढे इतरांनीही धरली. 2021 मध्ये ऑस्टिन रीव्हज या खेळाडूला दुसऱ्या फेरीत घ्यायला एक संघ तयार होता. त्यानं नको म्हटलं, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशी टू-वे करार केला आणि तिथेच पक्की जागा मिळवली. टू-वे म्हणजे एनबीए आणि दुय्यम लीग, दोन्हीकडे खेळण्याचा करार. ही सोय 2017 पासून आहे. ड्राफ्टनंतर जुलैत लास व्हेगासला उन्हाळी लीग होते. यंदा ती पाहाल तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबरच, ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही अशा मुलांकडेही लक्ष ठेवा. नमस्कार.