चिरलेली गुंडाळी

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

आज बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३६ व्या अध्यायाबद्दल बोलतो. यहूदाचा राजा यहोयाकीम. इसवी सनापूर्वी ६०४ च्या आसपासचा काळ, महिना नववा, थंडीचा. राजा हिवाळी महालात बसलाय, पुढ्यात शेगडी पेटलीय. यिर्मयानं सांगितलेली, त्याचा लेखनिक बारूखानं शाईनं लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवतात. तीन-चार रकाने झाले की राजा तेवढा तुकडा चाकूनं कापतो अन् विस्तवात टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. तीन सरदार जाळू नका म्हणून विनवत होते. अख्खी गुंडाळी संपेपर्यंत हात थांबला नाही.

रागाच्या भरात एकदम फेकली असती तर गोष्ट वेगळी होती. हा ऐकत होता. ऐकून कापत होता. आणि ती लिहिली कशासाठी होती? तिसऱ्या वचनात देव सांगतो: हे ऐकून लोक कदाचित वळतील, म्हणजे मी त्यांना क्षमा करीन. राजानं शेगडीत टाकलं ते क्षमेचं बोलावणं होतं. याचाच बाप योशीया. मंदिरात सापडलेलं नियमशास्त्र ऐकून त्यानं अंगावरची वस्त्रं फाडली होती.

आपल्या वऱ्हाडात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण कोणत्या गावात नाही? वखरणी करताना वखराचं एक तास, म्हणजे एक ओळ, शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचं, पुढच्या साली आणखी एक. शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्यावर बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात शाप आहे, हे आपल्या मंडळीतल्या माणसाला ठाऊक असतं. पहिल्या वर्षी मनाला टोचतंही. मग कोणी समजवायला आलं, की उत्तर तयार: "मले कोन शिकवते?" एक रविवार चुकतो, मग प्रभुभोजनाचा रविवार चुकतो, मग पाळक दारात आले तर तो मागच्या दारानं वावरात जातो. टोचणी केव्हाच थांबलेली असते, आणि त्यालाच तो शांती समजतो. मला भीती वाटते ती याची. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर प्रभूला तीनदा नाकारलं. पण कोंबडा आरवला तसा बाहेर जाऊन ढसढसा रडला. पाप त्याचंही मोठंच होतं. त्यानं ते खरं ठरवायचा हट्ट धरला नाही, एवढंच.

मंडळीतल्या वडीलजनांनाही सांगायचंय. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८:१५ प्रमाणे, भाऊ चुकला तर आधी एकट्यानं, एकांतात जायचं असतं. भर उपासनेत नाव घेऊन झोडपलं की माणूस ताठतोच, आणि त्या ताठ्याचा हिशेब थोडा आपल्याकडेही मागितला जाईल.

आता पश्चात्ताप म्हणजे काय? नुसतं डोळ्यांत पाणी नाही. जक्कय नावाच्या जकातदारानं येशूपुढे उभं राहून सांगितलं, कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. चौपट जमीन द्या असं मी म्हणत नाही. खरिपाच्या पेरणीआधी शेजाऱ्याला धुऱ्यावर बोलवा, जुना दगड कुठे होता ते तुम्हीच दाखवा. मोजणीवाले यायची वाट पाहू नका. तो चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्या. आणि दगड दोघांनी मिळून उचला.