सैतानाला लॅटिन येत नव्हतं

मार्थ ब्रोसिए नावाच्या बाईच्या अंगात सैतान शिरलाय, असं म्हणत होते. एका बिशपने तिला साधं पाणी प्यायला दिलं आणि सांगितलं, हे पवित्र जल आहे. ती तडफडायला लागली. खरं पवित्र जल दिलं, पण काही न सांगता. ते मुकाट प्यायली!

मग बिशपनी मोठ्याने फर्मावलं, सैतान काढायचं पुस्तक आणा. लॅटिन वाचन सुरू झालं आणि बाई पुन्हा घुमू लागली. ते वाचत काय होते? रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य. आपल्याकडे मांत्रिकाने रघुवंशातला श्लोक म्हणावा आणि भूतबाधा झालेल्या 'झाडाने' लगेच घुमावं, तसलाच प्रकार.

ही मार्थ म्हणजे फ्रान्समधल्या रोमोरांतँ गावच्या कापडवाल्याची पंचविशीतली, बिनलग्नाची मुलगी. 1598 मध्ये तिच्या अंगात बेलझेबब नावाचा सैतान शिरला म्हणे. बाप तिला घेऊन गावोगाव फिरला, आणि मार्च 1599 मध्ये स्वारी पॅरिसला पोचली.

आता वेळ बघा. राजा चौथ्या हेन्रीने 1598 मध्येच नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना सवलती दिल्या होत्या. आणि मार्थच्या अंगातला सैतान नेमका हेच बोलत होता, की हे प्रोटेस्टंट सगळे माझेच! कट्टर कॅथलिकांना आणखी काय हवं होतं? राजाला घाम फुटला, तो यामुळे.

पॅरिसच्या बिशपने वैद्य बोलावले. त्यात मिशेल मारेस्को. कापुचिन या कॅथलिक पंथाचा एक पाद्री गरजला, कुणाला शंका असेल त्याने जिवावर उदार होऊन हिला धरून दाखवावं. मारेस्को उठला आणि त्याने तिला दाबून धरलं. तिला हलता येईना. मग म्हणते, सैतान आत्ताच निघून गेला! म्हातारा मारेस्को म्हणाला, म्हणजे मीच पळवला की.

त्याचा निष्कर्ष लॅटिनमध्ये आहे: सैतानाचं काहीच नाही, सोंग बरंच, आजार थोडा.

मला तो शेवटचा 'थोडा' महत्त्वाचा वाटतो. ही मुलगी आधी केस कापून, पुरुषी कपडे घालून घरातून पळाली होती. तिला नक्की काय सलत होतं, हे त्या गर्दीत कुणी विचारलं का?

मे महिन्यात पॅरिसच्या न्यायालयाने तिला गावी धाडलं. पण या सगळ्यात एक बाई राहूनच गेली. मार्थने जिच्यावर चेटूक केल्याचा आळ घेतला ती शेजारीण, आन शव्रो. ती तुरुंगात होती. तिथूनच तिने पॅरिसच्या बिशपला अर्ज पाठवला. मार्थ घरातून पळाली होती, ही गोष्ट त्या अर्जातच आहे.