पोरगं कविता लिहितंय? मग यमक जरा बाजूला ठेवा!

नमस्कार मंडळी, कशी आहात सगळी? फेब्रुवारी उजाडला की मला एकच प्रश्न येतो. मॅडम, 27 तारखेला शाळेत मराठी भाषा गौरव दिन आहे, पोराला स्वतःची कविता करून आणायला सांगितलीय, आता काय करू? दरवर्षी येतो. यंदा त्यात भर म्हणजे, ए-आयकडनं कविता काढून दिली तर चालेल का, असं विचारणारे पण बरेच आहेत. चालणार नाही. शाळेनं तुमच्या पोराला लिहायला सांगितलंय, त्याला लिहू द्या. वाईट लिहिलं तरी लिहू द्या.

आता सुरुवातीचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. वेगळी वही द्या. विषय पोरानं निवडायचा, तुम्ही नाही. लिहिताना डोक्यावर उभं राहायचं नाही. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघायचं. आणि घरात कवितेची पुस्तकं हवीत, नसतील तर वाचनालयात घेऊन जा, आपल्याकडं कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनं उभं आहे, मुलांना एकदा तिथलं कपाट स्वतः उघडून बघू द्या. झालं. आता मुद्द्याचं बोलू.

मुद्दा आहे यमक.

मी पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. कविता लिहा म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं पहिल्यांदा काय करतात, तर वहीच्या मागच्या पानावर शब्दांची रांग लावतात. आई, घाई, ताई, बाई. शाळा, फळा, बाळा, लळा. आणि मग त्या रांगेला जोडायला म्हणून ओळी तयार करतात. एका मुलानं लिहिलं होतं, माझी आई, तिला सदा घाई, कामाला येते बाई. मी त्याला जवळ बोलावलं, म्हटलं, तुमच्याकडं कामाला बाई येते व्हय रे? न्हाई मॅडम. मग आई काय करते? म्हणाला, शिरोलीला कंपनीत जाते, सकाळी सहाला उठून डबा करते, माझी वेणी... म्हणजे माझ्या बहिणीची वेणी घालते, आणि बसस्टॉपला पळत जाते, पळता पळता कानातलं घालते. आता बघा, पळता पळता कानातलं घालणारी आई त्याच्याजवळ होती! आणि त्यानं लिहिली कोण, तर घरात नसलेली बाई. का लिहिलीस विचारलं तर म्हणतो, यमक जुळलं.

मला ह्याचाच राग येतो, पोराचा नाही, आपला मोठ्यांचा. कारण आपणच त्याला सांगितलंय की शेवटी सारखा शब्द आला की झाली कविता. यमकापायी पोरं खोटं लिहायला लागतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

पावसाच्या कवितेचं तर विचारूच नका. दर जून-जुलैला कवितांचा ढीग येतो, त्यातल्या बहुतेक सगळ्यांत मोर नाचतो. आला पाऊस, करूया हौस, मोर नाचला, आनंद झाला. अरे बाळांनो, तुम्ही पंचगंगेकाठची पोरं, 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या घरातली. आपल्याकडं पावसाळ्यात टीव्ही लावला की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं ते सांगतात, 39 ला इशारा, 43 ला धोका, आणि घरातलं शेंबडं पोरगं पण सांगतं की आज किती झालंय. मोर कुठं बघितलास तू?

सहावीतल्या एका मुलीला मी हेच म्हटलं. म्हटलं, मोर सोड, यमक सोड, पाणी वाढायला लागलं की तुझ्या घरात काय काय होतं ते एकेका ओळीत लिहून आण. तिनं आणलं ते असं, मी तिला आणि तिच्या आईला विचारून तुम्हाला वाचून दाखवतेय, नाव सांगणार नाही.

एकोणचाळीस फूट झालं.
आईनं गव्हाचं पोतं माळ्यावर चढवलं.
पप्पांनी फ्रीजखाली चार विटा ठेवल्या.
त्रेचाळीस फूट झालं.
आज्जी म्हणाली, मी न्हाई जात.
मांजर कधीच वर जाऊन बसलंय.

ह्यात 'भीती वाटली' असं कुठंच नाही. पण फ्रीजखालच्या विटा वाचल्यावर तुमच्या पोटात काहीतरी हललं की नाही? माझ्या तर हललं. आणि नंतर काय झालं सांगते. घरातल्या कुणीतरी ती कविता सुधारून दिली. पाणी आले दारात, आम्ही बसलो घरात, देवा आमुचे रक्षण कर, हात तुझा ठेव डोक्यावर. पोतं गेलं, विटा गेल्या, आज्जी गेली, मांजरसुद्धा गेलं. मदत करायच्या हेतूनंच केलं असणार, मला कळतं, पण हात जोडून सांगते, असं करू नका.

आता लगेच कमेंट येणार, मागच्या व्हिडिओखाली पण आलीच होती एका काकांची, की मॅडमना यमकाचं वावडं आहे, म्हणजे मुक्तछंदाच्या नावाखाली काहीही खपवायचं. काका, वावडं नाही हो. मला यमक आवडतं, छंद, म्हणजे अक्षरं मोजून बांधलेली ओळ, तर फारच आवडतो. मराठी छंदांवर ज्यांचं काम अजून आधाराला घेतात ते माधव जूलियन आपल्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, त्या गावात बसून मी छंदाला कशाला नावं ठेवू? माझं म्हणणं एवढंच आहे की यमक शेवटी येऊ दे. आधी काय बघितलं ते लिहा, मग छाटा, मग मोजा, आणि मोजताना यमक सापडलं तर घ्या.

करून दाखवते. त्याच मुलीबरोबर आम्ही हे वर्गात केलं. अष्टाक्षरी, म्हणजे एका ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची नाही, बोटांवर मोजा, चुटकीसरशी जमतं. तर, फ्रीजखाली चार विटा. फ्री-ज-खा-ली-चा-र-वि-टा, आठ. पोतं गेलं माळ्यावर. पो-तं-गे-लं-मा-ळ्या-व-र, आठ. आणि मग ती स्वतःच ओरडली, मॅडम, मांजर कधीच वर! मां-ज-र-क-धी-च-व-र, आठ! माळ्यावर आणि वर, जुळलं की! आणि खोटं काहीच आलं नाही, पोतं खरं, माळा खरा, मांजर पण खरं. यमक असं यायला पाहिजे.

आणि यमक ओळीच्या टोकालाच पाहिजे असं तरी कुणी सांगितलं? रोजच्या ओठावरचं घ्या, तुकोबांचं. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. मोजा बोटांवर, सहा, सहा, सहा आणि चार. यमक कुठं आहे? विटेवरी आणि कटावरी, मधल्या दोन तुकड्यांत. 'ध्यान' मोकळं, आणि शेवटचं 'ठेवोनिया' पण मोकळंच. कुणाला कधी अडलं का म्हणताना? मी वर्गात हा एकच अभंग फळ्यावर तोडून लिहिते आणि पोरांना यमकाखाली रेघ मारायला सांगते. ती हमखास शेवटचा शब्द बघतात आणि बुचकळ्यात पडतात. मग त्यांना कळतं की यमक कुठंही बसू शकतं, आणि नसलं तरी चालतं.

लहान पोरांचं मात्र वेगळं आहे हं, पहिली-दुसरीचं. त्यांना बडबडगीतं म्हणू दे, अर्थ नसलेले शब्द जुळवत बसू दे, कान तयार होतो. बडबडगीत खरं असल्याचा दावाच करत नाही, त्यामुळं तिथं माझी काही तक्रार नाही. माझं सगळं बोलणं चौथी-पाचवीच्या पुढचं.

ओळ कुठं तोडायची, हे पण बरेच जण विचारतात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, म्हशी उभ्या करून दूध विकतात तिथं, आम्ही पोरांना घेऊन गेलो होतो, नुसतं बघायला आणि वहीत टिपायला. एकानं लिहिलं, कट्ट्यावर म्हैस उभी हाय आणि तिचा एक कान माझ्याकडं हाय. मी म्हटलं मोठ्यानं वाच, जिथं थांबावंसं वाटतं तिथं तोड. त्यानं केलं असं, 'कट्ट्यावर म्हैस उभी हाय', खाली नुसतं 'एक कान', आणि त्याच्या खाली 'माझ्याकडं'. बस. मी एक अक्षर बदललं नाही. 'हाय' पण तसंच ठेवलं. कवितेत बोली चालते का, मार्क कापतील का, असं विचारता तुम्ही. निबंधात कापतील कदाचित, कवितेत मी तरी कापत नाही, आणि कुणी कापले तर कापू देत.

आता कविता गोळा करणं. हे लिहिण्याएवढंच महत्त्वाचं आहे आणि ह्याच्याकडं कुणी बघतच नाही. दोन प्रकार करा. एक, पोराची स्वतःची कवितांची वही, त्यात आवडलेली कविता हातानं उतरवायची. फोटो नाही, झेरॉक्स नाही, हातानं, कारण उतरवताना प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं. खाली कवीचं नाव, आणि आपल्याला का आवडली त्याचं एक वाक्य.

दुसरा प्रकार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडनं. आज्जीला जात्यावरच्या ओव्या येतात, पाळणे येतात, हादग्याची गाणी येतात, झिम्मा-फुगडीची येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्या दोघा संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतनं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, बायकांच्या नावानिशी, गावानिशी. आपल्याला लाख नकोत, आपल्या आज्जीच्या चार पुरेत. मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग ऐकून लिहा. सोबत म्हणणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, कुणाकडनं शिकली आणि कधी म्हणायची ते लिहा. माहेर विसरू नका, ओवी बहुतेक वेळा तिकडनंच आलेली असते.

आणि इथं परत तेच येतं बघा, यमक! आज्जी गाताना मधेच 'गं बाई' घालते, एखादा शब्द लांबवते, एखादी ओळ दोनदा म्हणते. पोरगं लिहिताना ते सगळं गाळतं आणि दोन सरळ जुळलेल्या ओळी करून आणतं. एकीनं तर आज्जीच्या ओवीतला शब्द 'जुळत नव्हता' म्हणून बदलून टाकला होता! तो शब्द बैलगाडीच्या एका भागाचा होता, तिला माहीत नव्हता, आता आज्जीला परत विचारून घातलाय. जे ऐकलं ते लिहायचं, जसंच्या तसं. दोन आज्ज्यांचं गाणं वेगवेगळं निघालं तर दोन्ही लिहायची. हादग्याचं एकच गाणं कागलात एक आणि गडहिंग्लजला दुसरं ऐकायला मिळतं, त्यात चूक कुणाचीच नसते. असं सगळं जमलं की वर्गाचं हस्तलिखित करा, चित्रं पोरंच काढतील.

सादरीकरणाचं बोलते आता, त्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. परवा मी एका स्पर्धेला परीक्षक होते, कुठली ते सांगत नाही. गुणपत्रिकेत हावभावाला रकाना होता. त्यामुळं प्रत्येक पोरगं पाऊस म्हटलं की बोटं खाली हलवणार, सूर्य म्हटलं की हातानं गोल काढणार, आई म्हटलं की छातीवर हात. एकसारखं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी यमकाच्या शब्दावर जोर, हेल काढून, दाराऽऽत, घराऽऽत. परत यमक! अर्थ ओळीच्या मध्ये असतो आणि पोरगं धावत टोकाकडं जातं.

हात सोडून द्या. खरंच, दोन्ही बाजूला मोकळे सोडून उभं राहू दे. कवितेच्या कागदावर पेन्सिलनं श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ मारा, ओळ संपली म्हणून नाही, बोलणं संपलं तिथं. मग वर्गाच्या शेवटच्या बाकावर एक मित्र बसवा आणि त्यालाच ती गोष्ट सांगायची, सगळ्या सभागृहाला नाही. त्याला ऐकू गेलं आणि कळलं की झालं काम. शाहीर पिराजीराव सरनाईकांचं गाव आहे हे, आवाज कसा टाकायचा ते इथल्या मातीला माहिती आहे, पण पोवाड्याला मागं डफ-तुणतुणं असतं, 'जी जी रं जी' म्हणणारे झीलकरी असतात. सहावीतल्या पोराच्या सहा ओळींना तो आवेश लावू नका, त्याचा घसा बसतो आणि कविता पण. माईक तोंडापासनं चार बोटं लांब. आणि सुरुवातीला शीर्षक आणि कवीचं नाव सावकाश, स्पष्ट. आज्जीची ओवी म्हणत असाल तर आज्जीचं नाव आणि तिचं गाव.

शेवटचा प्रश्न एका आईचा आहे, मुलगी छान लिहिते पण स्टेजवर जायला रडते, काय करू. ताई, तिला ढकलू नका. तिची कविता तिच्या मैत्रिणीला म्हणू दे, नाव तिचं सांगायचं, आणि तिला खाली पहिल्या रांगेत बसवा. लोक ऐकताना कसे बघतात ते तिला दिसू दे. पुढच्या वेळी जाईल, नाही गेली तरी लिहील.

पुढचा व्हिडिओ हादग्याच्या गाण्यांवर करायचा विचार आहे. तुमच्या घरी, गल्लीत म्हणतात ती गाणी कमेंटमध्ये पाठवा, जशी म्हणतात तशीच लिहा, सुधारू नका, आणि खाली गाव-तालुका नक्की टाका.